माळ्यावर १७ खोकी निघाली: काय ठेवायचं, काय द्यायचं, आईशी कसं बोलायचं

ताई, तुमचा प्रश्न असा की बाबा गेल्यापासून आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात, तुम्ही बंगलोरहून तीन आठवड्यांसाठी आलात, माळा उतरवला तर १७ खोकी निघाली, त्यात एक टेबलटॉप वेट ग्राइंडर, काही टीव्हीवरची जाहिरात बघून फोनवर मागवलेली, काही सोसायटीतल्या काकू कॅटलॉग घेऊन यायच्या त्यांच्याकडून घेतलेली, तीन भावानं अमेरिकेहून आणलेली, आणि दिवाणात त्या कॅटलॉगांचे गठ्ठे वेगळेच. आई म्हणतात "चांगल्या वस्तू आहेत, असू देत, लागतं कधीतरी" आणि तुम्हाला कळत नाहीये की ठेवायचं काय, द्यायचं काय, भंगारात काय जाऊ द्यायचं, आणि हे आईचं मन न दुखवता कसं जमवायचं.

मी पुण्यात २६ वर्षं घरगुती उपकरणं दुरुस्त करतो, मिक्सर, टोस्टर, ओव्हन, गिझर, इस्त्री, घरघंटी सगळं, आणि त्या निमित्तानं इतक्या ओट्यांपाशी उभा राहिलोय, इतक्या माळ्यांवर चढलोय की घरात शिरल्यावर काय वापरात आहे आणि काय नुसतं पडून आहे ते लगेच कळतं. जरा सविस्तर सांगतो, कारण घाईत सगळं भंगारवाल्याला देऊन मग हळहळणारी माणसंही खूप पाहिलीत.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. खोक्यात ठेवलेलं मशीन नवंच राहतं असं सगळ्यांना वाटतं, पण ते तसं राहत नाही. रोज वापरातला मिक्सर दहा-पंधरा वर्षं सहज चालतो, अधूनमधून मोटरचा कार्बन बदलला, भांडं ज्यावर बसतं तो कपलर बदलला की झालं, पण खोक्यात बंद असलेला मिक्सर न वापरताच खराब होत जातो. रबर नुसतं ठेवूनही कडक होतं आणि मग त्याचा भुगा पडतो. मोटरच्या बुशमध्ये तेल मुरवलेलं असतं ते सुकतं, ग्रीस घट्ट होऊन शाफ्ट जाम होतो. पुण्याचा चार महिन्यांचा पावसाळा, माळ्यावर हवा खेळत नाही, त्यामुळे आतल्या तांब्याच्या भागावर काळपट थर येतो, बोर्ड असेल तर त्याला गंज धरतो, आणि झुरळांना तर मशीनच्या आतली कोरडी अंधारी जागा फारच आवडते, मी कित्येक मशिनं उघडली की आधी झुरळांची अंडी झाडतो आणि मग कामाला हात लावतो.

मागच्या वर्षी एक जोडपं दुकानात फूड प्रोसेसर घेऊन आलं, खोक्यावर २००९ चं बिल सेलोटेपनं चिकटवलेलं, टेप पिवळी पडून सुटत आलेली. उघडलं तर थर्माकोल जागच्या जागी, बाऊलवरची प्लास्टिकची पिशवी तशीच, पात्यावर पुठ्ठ्याचं कव्हर, वॉरंटी कार्ड कोरं. म्हणजे एकदाही वापरला नव्हता. मी कपलर बोटात धरला तर रबर शिळ्या भाकरीसारखं तुटून हातात आलं. शाफ्ट हातानं फिरेना. बाऊलची रिंग इतकी कडक झाली होती की सरळ करायला गेलो तर मोडली, आणि ते मॉडेल बंद झालेलं, बाऊलही मिळेना रिंगही मिळेना. काकू म्हणाल्या, मुलीच्या संसारासाठी ठेवला होता हो, ती परदेशात गेली आणि राहूनच गेला. त्या जे बोलल्या ते मला फार लागलं. ज्या वर्षी मुलगी गेली त्याच वर्षी तो कुणाला दिला असता तर एखाद्या घरात दर होळीला त्यात पुरण झालं असतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की द्यायची एक वेळ असते, मशीन चालू आहे तोपर्यंतच ती असते, आणि "लागेल कधीतरी" म्हणून थांबण्यात नेमकी तीच वेळ निघून जाते.

आता तुम्ही काय करा ते सांगतो. एक दिवस फक्त तपासणीचा ठेवा, त्या दिवशी काही टाकायचं नाही, काही द्यायचं नाही, आईंनाही तसं आधी सांगा म्हणजे त्या निवांत बसतील. दिवसाउजेडी, ओटा कोरडा करून, पायात रबरी चप्पल घालून. मीटरपाशी आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप लाईट तोडणारा स्विच, बसवलेला आहे का बघा, बऱ्याच घरांत त्याला ईएलसीबीच म्हणतात, त्याच्यावर टेस्टचं बटण असतं ते दाबलं की लाईट जायला पाहिजे, जात नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, १७ खोकी नंतर. हा घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारा असतो आणि जुन्या मशिनांशी काम करताना जीव वाचवणारी वस्तू तीच आहे.

पिन लावायच्या आधी मशीन हातात घेऊन नीट बघायचं. वायर घडीघडीनं उलगडा, जिथं घडी पडलीय तिथं तडा गेलेला असतो, उंदरानं कुरतडलेलं असतं. मशीन हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. मिक्सर असेल तर वरचा कपलर हातानं फिरवा, सहज फिरला पाहिजे, जाम असेल तर अजिबात चालू करू नका कारण मोटर नुसती गुंगुं करत बसेल आणि मिनिटभरात वाइंडिंग जळेल. फिरला तर रिकामाच पाच-दहा सेकंद चालवा. थोडी धूळ जळल्याचा वास आणि आत बारीक ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, कार्बनच्या मोटरला त्या असतातच, पण धूर आला किंवा आत गोल आगीची रिंग दिसली तर लगेच बंद. आणि मिक्सर चालूच होत नसेल तर मेला असं समजू नका, उलटा करून खाली लाल बटण आहे का बघा, ते ओव्हरलोडचं असतं, दाबून परत लावा. नुसतं ते बटण पडलंय म्हणून चांगला मिक्सर भंगारात दिलेली माणसं मला माहीत आहेत, दरवेळी जीव हळहळतो.

तापणाऱ्या वस्तूंचं वेगळं आहे. सँडविच टोस्टर, ओटीजी म्हणजे ओट्यावरचा छोटा ओव्हन, इलेक्ट्रिक तंदूर, या सगळ्यांच्या एलिमेंटच्या नळीत एक पांढरी पावडर असते, मॅग्नेशियम ऑक्साइड, आणि ती हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे दहा वर्षं पडलेला ओव्हन लावला की आरसीसीबी पडतो. म्हणजे मशीन गेलंच असं नाही, मेकॅनिक मेगर, म्हणजे गळती तपासायचं यंत्र, लावून बघतो, पुष्कळदा एलिमेंट वाळवला की गळती जाते. पण हे घरी करायचं काम नाही, आणि एक हात जोडून विनंती, शॉक लागतोय किंवा लाईट जातेय म्हणून पिनटॉपची ती वरची जाड अर्थची पिन कुणी काढून टाकली असेल तर ते मशीन तसंच चालवू नका. मी अशा काढलेल्या पिना आजही दर महिन्याला बघतो आणि प्रत्येक वेळी त्या घरातल्या माणसांची काळजी वाटते.

भावानं आणलेल्या तीन खोक्यांना मात्र त्या दिवशी पिनच लावू नका. आधी खालच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचा. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. पट्टीवर १००-२४० लिहिलं असेल तर बिनधास्त, मोबाईलचे, लॅपटॉपचे चार्जर असे असतात. पण नुसतं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलं असेल आणि तुम्ही फक्त पिनेचा कन्व्हर्टर लावून घातलं तर तापणारी वस्तू जवळपास चौपट पॉवर ओढते आणि क्षणात जाते. पुण्यात ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा घरांत ही वस्तू माझ्या नेहमी बघण्यात येते, कॉफी मेकर, ब्लेंडर, स्लो कुकर, प्रेमानं बॅगेत घालून आणलेले, आणि इथं त्यांना २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. १००० वॅटच्या वस्तूला त्याहून मोठा ट्रान्सफॉर्मर, तो किलोकिलोनं जड, तो ठेवायला परत जागा. आई एकट्या असताना त्यांनी ते धूड उचलून लावावं हे होणार नाही. त्या वस्तू भावाला विचारून सोडून द्या, आणि पुढच्या वेळी वस्तू नको, तू चार दिवस जास्त राहा असं त्याला मनापासून सांगा, आईंना तेच हवं असतं.

सेलवर चालणाऱ्या वस्तू वेगळ्या काढा. साधे सेल फुटून आतली स्प्रिंग पांढरी हिरवी झालेली असेल तर हातमोजे घालून काढा. चार्जिंगच्या वस्तू, मसाजर, ट्रिमर, टॉर्च, पॉवर बँक, यातलं काही फुगलेलं दिसलं तर दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायचं नाही, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीच्या कचऱ्यात नको, तिथं दाबलं गेलं की पेट घेतं. आणि किचनचा डिजिटल वजनकाटा, जुने रिमोट, गाणारी खेळणी यातले बटणासारखे चपटे सेल मोजून काढून घ्या. तुमची मुलं किंवा नातवंडं घरात फिरत असतील तर हे सगळ्यात आधी करा, असा सेल मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला भाजल्यासारखी जखम होते, तेव्हा वाट बघत बसायचं नसतं, सरळ हॉस्पिटल.

आता ठेवायचं काय. लोक मला विचारतात हे मशीन चांगलं का ते, आणि मी उलट विचारतो की ते ठेवणार कुठं आणि पिन कुठं लावणार. पुण्यातल्या जुन्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा पॉइंट एकच असतो आणि त्यावर मायक्रोवेव्ह किंवा गिझर बसलेला असतो. कॅटलॉगमधली तापणारी वस्तू बघा, १००० वॅटच्या वरची, जाड पिनेची. मग ती हॉलमध्ये लावायची, किंवा कन्व्हर्टर घालून बारीक पॉइंटवर, जे करूच नये, तो पॉइंट काळा पडतो. दोनदा हा खटाटोप झाला की वस्तू खोक्यात गेली. माझ्या बघण्यात जी मशिनं खरोखर वापरात असतात ती सगळी ओट्यावर पिन लावून उभी असतात, कपाटातून काढून, जोडून, वापरून, धुऊन, पुसून परत ठेवायची वस्तू आठवड्यात एकदा निघाली तरी खूप झालं.

दुसरं धुणं. ज्यूसर घेताना ग्लासभर लाल डाळिंबाचा रस दिसतो, पण नंतर जाळी, झाकण, पुशर, चोथ्याचा डबा, रसाचं भांडं असं सगळं धुवायचं, आणि जाळीतले धागे ब्रशनं घासल्याशिवाय निघत नाहीत. ते काम कुणाकडे येतं ते बघा, आईंकडे की कामाला येणाऱ्या मावशींकडे, आणि त्यांना विचारलंय का.

रोटी मेकर तर मी एवढे बघितलेत की त्याबद्दल जरा जास्त बोलतो. तो खराब असतो असं नाही, पण त्याला आपल्या पोळीपेक्षा बरीच सैल कणीक लागते, ती कोमट पाण्यात भिजवून मुरवावी लागते, तापमान बरोबर यावं लागतं आणि दाबण्याचा क्षण चुकला की कडा जाड आणि मधे पापड. शिवाय आपली घडीची पोळी, आत तेल लावून दुमडलेली, ती त्यात होतच नाही, आणि फुलका टम्म फुगतो तो थेट आचेवर. ज्या बाईला तव्यावर वीस मिनिटांत वीस पोळ्या येतात तिच्यासाठी ते मशीन म्हणजे एक पायरी मागे जाणं आहे, म्हणून ते पडून राहतं, त्यात आईंचं काही चुकलेलं नाही. पण परराज्यात एकट्या राहणाऱ्या मुलाला, ज्याला लाटताच येत नाही, त्याला तेच मशीन उपयोगी पडतं. वस्तूला तिचं माणूस मिळालं पाहिजे.

ओटीजी, मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर असे तिन्ही निघाले असतील तर एअर फ्रायर आणि ओटीजी ही तत्त्वानं एकच वस्तू आहे, एकात पंखा आहे आणि डबा छोटा आहे एवढंच. दोन्हीतलं एक ठेवा, आईंना दाणे भाजायला, पापड भाजायला जे सोपं वाटेल ते. घरघंटी निघाली असेल आणि खाली कोपऱ्यावर गिरणी चालू असेल तर एका माणसाच्या दळणासाठी ती ठेवू नका, आत पीठ राहिलं की पोरकिडे होतात आणि साफ करायला वाकावं लागतं.

पण इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण माळा रिकामा करायच्या भरात ती सुटते. काही वस्तू दहा वर्षांपूर्वी आईंना नको होत्या पण आज हव्या असतील. तेव्हा त्यांना विळीवर बसून कोबी चिरता येत होता, आज गुडघे दुखत असतील, मनगट दुखत असेल. तो दोरी ओढायचा साधा चॉपर, ज्याला पिनच लागत नाही, तो अशा घरांत मी रोज वापरात बघतो. आपोआप बंद होणारी इलेक्ट्रिक किटली, एकटं माणूस असेल तर फार कामाची. इंडक्शन शेगडी निघाली असेल तर ती चालू करून बघाच, गॅस बंद करायला विसरण्याची भीती असते तिथं तिचा आधार होतो, फक्त भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे, आईंच्या पितळी आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यांवर ती चालणार नाही. एकदा एका आजींच्या माळ्यावरून काढलेली किटली मी साफ करून ओट्यावर ठेवून दिली, आता सकाळचं गरम पाणी त्या स्वतः घेतात, मुलगी येईपर्यंत थांबत नाहीत. उलट पायाचे मसाजर आणि हीटिंग पॅड, आईंना डायबेटिस असेल आणि पायाची संवेदना कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरात आणू नका, भाजलेलं कळत नाही.

कॅटलॉगांच्या गठ्ठ्याबद्दल. लगेच रद्दीत घालू नका, एकेक पान झटकून बघा. आपल्याकडे जाड गुळगुळीत पुस्तकात कागद जपून ठेवायची सवय असते, एका घरी अशाच गठ्ठ्यात पोस्टाचं पासबुक निघालं, एका घरी काकांच्या हातची हिशेबाची पानं. माहितीपुस्तिका आणि बिलं फक्त जी मशिनं ठेवणार त्यांची एका फोल्डरमध्ये लावा, बाकी जाऊ द्या.

आणि ते कॅटलॉग बघून आईंना बोल लावू नका. नव्वदच्या दशकात टपरवेअर, ओरिफ्लेम, ॲमवे अशा कंपन्या आपल्याकडे आल्या, टपरवेअर १९९६ मध्ये आलं, आणि सोसायटीसोसायटीत बायका कॅटलॉग घेऊन फिरायला लागल्या, नवऱ्याकडे न मागता स्वतःच्या हातात चार पैसे यावेत म्हणून. तुमच्या आईंनी त्यातलं निम्मं सामान त्या काकूंसाठी घेतलं असणार, दारात आलेल्या मैत्रिणीला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून. मी असे दहा-दहा डबे न उघडलेले बघितलेत, आणि विचारलं की त्या बायका वस्तूबद्दल बोलतच नाहीत, ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याबद्दल बोलतात. टीव्हीवरच्या जाहिरातींचं वेगळं होतं, दुपारची वेळ, मुलं शाळा-कॉलेजला, आणि एक माणूस सतत सांगतोय की तुमचं काम सोपं होईल. दिवसभर काम करणाऱ्या बाईला काम सोपं व्हावंसं वाटलं यात गैर काय आहे.

आता तेच कॅटलॉग फोनमध्ये आलंय. व्हॉट्सॲपवर दुकानदारांसाठी २०१९ पासून कॅटलॉगच आहे, आणि सेलच्या ॲपवर उलटं मोजणारं घड्याळ, शेवटचे दोन शिल्लक. खोटी घाई दाखवणं, न विचारता बास्केटमध्ये वस्तू टाकणं, अशा १३ प्रकारांवर केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, म्हणजे हे फसवणं आहे असं सरकारनंही मान्य केलंय, आणि तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आईंच्या फोनवर जाहिरातीचे कॉल येत असतील तर १९०९ वर डीएनडी लावून द्या, आणि ॲपमध्ये पैसे भरायला साठवून ठेवलेलं कार्ड काढून टाका, परत नंबर टाकायला उठावं लागलं की बरीचशी खरेदी तिथंच थांबते, हे मी माझ्या घरी करून बघितलंय.

आईंशी बोलताना "हे काढून टाकू का" असं विचारू नका, उत्तर नाहीच येणार. "हे कुणाच्या कामाला येईल गं" असं विचारा. बाबांनी आणलेली वस्तू असेल तर ती शेवटी घ्या, आणि एखादी बंद पडलेली असली तरी त्यांना ठेवायची असेल तर ठेवू द्या, एका खोक्यानं काही होत नाही. चालू वस्तू असेल तर आईंनाच तिच्यावर एकदा काहीतरी करून दाखवायला सांगा, आप्पे करा, ज्यूस काढा. करता करता त्या स्वतःच म्हणतात, नको बाई, एवढं कोण धुणार. आणि ती वस्तू कुणाकडे जाणार त्या माणसाचं नाव कळलं की त्या सोडतात, "कुणालातरी देऊ" म्हटलं की सोडत नाहीत. पूर्वी दिवाळीत एकच सोऱ्या वाड्यातल्या चार घरांत फिरायचा आणि बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडं देऊन जायची, त्यामुळे वस्तू दुसऱ्याच्या घरी जाणं त्यांना नवीन नाही, वस्तू वाया जाणं त्यांना सोसत नाही.

कामाच्या मावशींना द्यायचं असेल तर आधी विचारा, हवंय का, घरात जागा आहे का, पॉइंट आहे का. बंद पडलेला ओव्हन किंवा कपलर गेलेला मिक्सर "घेऊन जा, रिपेअर करून वापर" म्हणून गळ्यात घालू नका, रिपेअरचा खर्च त्यांच्यावर पडतो आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. कार्बन, कपलर, स्विच हे पुण्यात तपकीर गल्लीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात सहज मिळतात, फार महाग नसतात, आधी तुम्ही दुरुस्त करून, चालवून दाखवून मग द्या. माझ्याकडे येऊन असं करून घेणारी दोन-तीन घरं आहेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

जे खरंच गेलंय ते ई-कचऱ्यात. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात १०६ प्रकारची उपकरणं येतात, त्यात किचनमधल्या लहान वस्तूही आहेत, आणि त्यांच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय. मशीनच्या पट्टीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारल्याचं चित्र दिसेल, त्याचा अर्थ हे साध्या कचऱ्यात नाही. पुण्यात कचरावेचकांची "स्वच्छ" सहकारी संस्था जुन्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करण्याचे दिवस ठेवते, तुमच्या सोसायटीत येणाऱ्या ताईंना विचारा, त्यांना माहीत असतं. नुसतं भंगारात दिलं की मोटर फोडून तांबं काढतात ते एकवेळ ठीक, पण वायरी उघड्यावर जाळतात, आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. चालू पण कुणालाच नको असलेली वस्तू असेल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी, तिथं तिला गिऱ्हाईक मिळतं.

तीन आठवड्यांत १७ खोकी संपवायचा हट्ट धरू नका. पहिल्या आठवड्यात तपासणी आणि सेल काढणं, दुसऱ्यात आईंच्या रोजच्या कामाच्या दोन-तीन वस्तू साफ करून ओट्यावर मांडणं, आणि त्या वापरतायत का हे बघणं, जे खोक्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. उरलेलं दिवाळीला आलात की. फक्त तुम्ही लिहिलेला तो टेबलटॉप वेट ग्राइंडर आहे ना, तो दिवाळीपर्यंत ठेवू नका. त्याचे दगड कधी खराब होत नाहीत, पण पट्टा आणि खालची रबरी सील ही जाणारी वस्तू आहे, आत्ता हातानं दगड फिरतोय का बघा, फिरत असेल तर पट्टा बदलून आठवडाभरात तो चालू होईल, आणि रोज इडलीचं पीठ वाटणाऱ्या कुठल्याही घरात तो आनंदानं घेतील.